ग्रॅडीचा खांदा

हो, पोरगा माझाच. भिंतीवरच्या फोटोतला तो ग्रॅडी, आणि मी त्याचा बाप, लॉईड पेनर — बाहेर पाटीवर नाव आहे, पण पंक्चर झालेला माणूस पाटी कुठं वाचतो! बसा. खिळा चांगला आतपर्यंत गेलाय, वेळ लागेल. कॉफी त्या कोपऱ्यात, सकाळचीच आहे, पण गरम आहे. आणि मघाशी काय म्हणालात तुम्ही — 'नव्या कोचांनी पोराला घडवलं'? कुणी? त्यांनी? अहो, कॉलेजचं जांभळं जाकीट अंगात चढवलं आणि मॅचला निघालं, की झालं का फुटबॉल कळायला? राग मानू नका. पण घडवलं म्हणे! माती मी मळली, मडकं मी केलं, भट्टीत भाजलं मी, आणि यांनी नुसतं उचलून खिडकीत ठेवलं — झाले कुंभार!

हे मागचं आवार दिसतंय ना, तिथं मी जुना टायर घरंगळत सोडायचो आणि पोरानं पळत्या टायरच्या भोकातून चेंडू आरपार फेकायचा. थंडी असो, वारा असो — कॅन्ससचा वारा तुम्हाला मी काय सांगू — चुकला की परत, चुकला की परत, जेवण थांबलं तरी चालेल. तिसरीत होता तेव्हापासून. 'कोपर वर! कानाच्या वर!' एवढंच ओरडायचो मी. क्वार्टरबॅक म्हणजे काय, चेंडू हातात घेऊन उभं राहायचं आणि समोरून बैलासारखे गडी अंगावर धावून येतात, त्यांच्या डोक्यावरून लांब फेकायचं — मग कोपर वर नको? साधी अक्कल आहे. रडायचा कधीकधी. लहान पोरं रडतातच. वांडा, माझी बायको, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणायची, 'लॉईड, पुरे आता.' मी म्हणायचो, तू तुझे बीरॉकचे पाव भाज, मला माझं काम करू दे. आणि झाला की नाही क्वार्टरबॅक? शाळेत असताना आख्ख्या जिल्ह्यात तसा हात नव्हता कुणाचा! तेव्हाचे कोच बकनर स्वतः आले होते त्याला कॉलेजात न्यायला, तुम्ही बसलाय ना, त्याच खुर्चीत बसले, वांडाचे बीरॉक खाल्ले — आत कोबी आणि खिमा भरलेले, बोटं चाटत राहिले — आणि म्हणाले, 'मिस्टर पेनर, या हाताला मी बोट लावणार नाही. आहे तसाच वापरीन.' याला म्हणतात माणूस. जाणकार!

हरले, हो. सगळ्या मॅचेस हरले त्या वर्षी, मान्य. हरले म्हणून काढलं बकनरना, आणि आणले हे — नवे! मुख्य कोच तो हॅलोरन, सदा हसतमुख, विमा विकायला आल्यासारखा. आणि क्वार्टरबॅकना शिकवायला कोण, तर टॅल्बर्ट. मिसरूड नीट फुटलेलं नाही, अनवाणी फिरतो मैदानावर, हातात कायम ती टॅबची पाटी. स्वतः कुठं खेळला? विचारलं मी. अशा कॉलेजात, जिथं बघायला गाई येत असतील! आणि आल्याआल्या काय केलं माहितीये? पोराच्या हातातला चेंडूच काढून घेतला. आख्खा वसंत — एक लांब फेक नाही! काय करायचं मग? गवतावर अनवाणी पाऊल टाकायचं. पुढं, मागं, पुढं, मागं. नाचशाळा! पाठीवर झोपून चेंडू वर टाकायचा आणि झेलायचा, पाळण्यातलं पोर खेळतं तसं. आणि ऐका, हे ऐका — पुढच्या फळीत जे धिप्पाड गडी असतात, अंगावर येणाऱ्यांना थोपवणारे, त्यांच्याशी जेवताना बोलायचं. रोज एकाशी. कुठला, घरी कोण, आईचं नाव काय. आईचं नाव! मी म्हणलं, चेंडू फेकायला आईचं नाव कशाला लागतं, पत्र टाकायचंय का तिला? पोरगा फोनवर म्हणाला, 'बाबा, ते माझ्यासाठी मार खातात, मला त्यांची नावं तरी ठाऊक हवीत ना?' हे त्याचं बोलणं नाही. मी ओळखतो ना माझ्या पोराला, तो इतकं बोलतच नाही. हे त्या अनवाण्यानं भरवलेलं!

मग गेलो मी. गॅरेज बंद केलं, पिकअप काढली आणि थेट त्यांच्या सरावावर. बघतो तर पोरगा चेंडू फेकतोय — आणि कोपर खाली! खांद्याच्या रेषेत, बाजूनं, अंगणात पाणी शिंपडावं तसं. एवढी वर्षं घासून आणलेलं सगळं मातीत. गेलो टॅल्बर्टच्या खोलीत. ग्रॅडी मागोमाग आला. मी सांगितलं त्या टॅल्बर्टला — सगळं ऐकवलं, काही शिल्लक ठेवलं नाही. म्हणलं, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मी फुटबॉल बघतोय, आणि तू माझ्या पोराचा हात मोडायला निघालायस? तो उठला पण नाही. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं हो, बाप्या माणसासारखा भांडला असता! नाही. मला म्हणतो कसा, 'मिस्टर पेनर, याचा खांदा कधीपासून दुखतोय?' म्हणलं, कुणाचा? याचा? याचा खांदा कधी दुखलेला नाही! ग्रॅडीकडं बघितलं मी, तर हा फरशीकडं बघतोय. आणि मग सांगितलं त्यानं — मला नाही, त्याला सांगितलं — 'आठवीपासून, कोच.'

आठवीपासून! अरे मग बोलायचं ना? तोंड होतं ना? वर्षानुवर्षं रोज माझ्यासमोर फेकतोय, चकार शब्द नाही, आणि हा कोण कुठला पाहुणा येऊन 'कुठं दुखतं' म्हणून विचारतो तर लगेच वाचा फुटली! 'कुठं दुखतं' हे काय शिकवणं आहे? हे नर्सचं काम. मी विचारलं नाही कारण — कारण त्यानं सांगितलं नाही! सरळ आहे. घरी येऊन वांडाला म्हणलं, ऐकलंस का, खांदा दुखत होता म्हणे. ती भांडी पुसत होती. म्हणाली, 'हो. मी रोज रात्री मलम चोळायची.' मला तो वास यायचा, हो, यायचा, पण मला वाटायचं माझ्याच अंगाला येतोय, गॅरेजात काय कमी वास असतात? म्हणजे तिला ठाऊक. शाळेच्या नर्सला ठाऊक. घरातल्या कुत्र्याला ठाऊक असेल. आणि मला कुणी सांगेना! 'का नाही सांगितलंस' विचारलं, तर म्हणते, 'त्यानंच शपथ घातली होती, तुला वाईट वाटेल म्हणून.' वाईट! मला! बघा म्हणजे. बायकांच्या नादानं पोरं अशी आतल्या गाठीची होतात.

नाही, त्या खोलीत पुढं काही नाही झालं. 'बाबा, तुम्ही गाडीत थांबा,' म्हणाला. मला. एवढंच. आवाज मोठा नव्हता त्याचा. थांबलो गाडीत. आला थोड्या वेळानं, खिडकीशी उभा राहिला. मी सांगून टाकलं, सामान भर, दुसरी कॉलेजं आहेत, बकनरना फोन करतो. तर म्हणाला, 'मी इथंच राहतो. मला आवडतंय इथं.' आवडतंय! फुटबॉल काय आवडायचा खेळ आहे? मग मीही म्हणलं, राहा, पण तुझी एकही मॅच बघायला हा बाप येणार नाही. मान हलवली त्यानं. काचेवर हात ठेवला होता, तो काढून घेतला. मी गाडी काढली.

आता बघतो हं, हवा भरून बघतो — थांबा, अजून एक बारीक फुसफूस येतेय, ऐकू येते का? नाही? मला येते.

मॅचला गेलो होतो. आता तुम्ही विचारताच आहात तर. त्यांचा पहिला क्वार्टरबॅक गुडघा धरून पडला आणि पुढच्या शनिवारी ग्रॅडी खेळणार असं रेडिओवर ऐकलं, तेव्हा. पण येणार नाही म्हणलं होतं ना, म्हणून त्यांच्या बाजूला नाही बसलो, समोरच्या संघाच्या लोकांत बसलो, लाल टोप्यांच्या मधोमध. शेजारी एक बाई, सॉसेज खातेय, माझ्या पोराच्या नावानं शिव्या घालतेय. मी ऐकून घेतलं. शेवट आला, ग्रॅडीचा संघ मागं पडलेला, वेळ संपत आलेली. आणि अंगावर तीन बैल आले हो त्याच्या! पूर्वीचा ग्रॅडी असता तर घाबरून लांब भिरकावला असता. हा थांबला. पाऊल टाकलं — ते गवतावरचं मूर्ख पाऊल — बाजूला सरकला, त्या धिप्पाडांपैकी एकानं मध्ये अंग घातलं, आणि मग फेकला. कोपर खाली. अहो, असा गेला चेंडू, असा सरळ… त्यांच्यातल्या एका गड्यानं झेलला तिकडं कोपऱ्यात, जिंकले. मी उभा राहून ओरडलो, सगळ्या लाल टोप्यांत मी एकटा. बाई म्हणाली, 'तू कुणाकडून आहेस रे?' 

मी खाली बसलो.

कसंय, शाळेत असताना प्रत्येक फेकीनंतर तो वर बघायचा, माझ्याकडं. मी अंगठा दाखवायचो. खालीच बहुतेक — वर दाखवला की पोरं डोक्यावर बसतात. तर त्या दिवशी मी त्यांच्या प्रेक्षकांच्या बाजूकडं बघत होतो, आता हा वर बघेल, तिकडं शोधेल, आणि मी तिथं नाही. बरी खोड मोडेल! आणि त्यानं वर बघितलंच नाही. त्या जाड्यांनी त्याला उचललं, एकाच्या हेल्मेटवर हा चापट्या मारतोय आणि हसतोय. मैदानावर हसताना मी त्याला कधी… म्हणजे मैदान काय हसायची जागा आहे का? टॅल्बर्ट? तो लांब उभा होता, पाटी काखेत धरून. त्याच्याकडंही नाही बघितलं पोरानं. कुणाकडंच नाही.

भेटलो नाही. गर्दी होती. रविवारी फोन येतो त्याचा, वांडा घेते. 'बाबा आहेत का?' विचारतो. ती सांगते, गॅरेजात आहेत. खरंच असतो मी गॅरेजात, कामं असतात.

झालं तुमचं. नट घट्ट केलेत, पुढच्या गावात एकदा परत बघून घ्या. काय? त्याला सांगायचंय काही? तुम्ही त्याला भेटणार आहात थोडेच! बरं, मॅचनंतर कठड्याशी सही द्यायला येतात पोरं, ते खरं. सांगा मग — सांगा की फेकताना गुडघा अजून थोडा… नाही. म्हणावं, वाऱ्याकडं पाठ असेल तेव्हा… नको. ते टॅल्बर्ट बघेल. सांगा, तुझ्या गावावरून आलो. म्हणावं, तुझ्या बापानं विचारलंय, खांदा… 

काही नको. काही सांगू नका. आणि गाडी काढा आता, मागं दुसरं गिऱ्हाईक खोळंबलंय. दिसत नाही? येईल. निघा तुम्ही.