एकतीस किलोमीटर बाकी असताना

जबाब

नाव : तक्रारीत लिहिले आहे तेच. ओळखीचे लोक ‘टाचणी’ म्हणतात.
वय : ५७ वर्षे
व्यवसाय : कपडे अल्टर करण्याचे दुकान, मोठ्या बहिणीसोबत
राहणार : बस डेपोमागची गल्ली, दुकानाच्या वरचा मजला
जबाब सुरू केल्याची वेळ : सकाळी ११.२०

मी वर लिहिलेली बाई, आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर माझ्या मोठ्या बहिणीसोबत राहते. तिला मी ताई म्हणते. तिचे वय ६४. आम्हा दोघींचीही लग्ने झालेली नाहीत. दुकानात ताई मापे घेते, कापते आणि गिऱ्हाइकांशी बोलते. मी शिवते.

आज सकाळी पावणेदहाच्या सुमारास हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपाजवळ आम्ही चौघे सोबती पाणी प्यायला थांबलो असता हवालदार बाई गाडीतून उतरल्या. त्यांनी मला मोबाइलवर एक फोटो दाखवून विचारले, “या बाईंना कुठे पाहिलंत का?” तो फोटो माझाच होता. मी हेल्मेट आणि काळा चष्मा काढला. बाईंनी एकदा फोटोकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग म्हणाल्या, “तुम्ही हरवलाय.” मी म्हणाले, “नाही हो, हाच रस्ता आहे.”

ताईने काल संध्याकाळी दिलेली मी हरवल्याची तक्रार मला ठाण्यात वाचून दाखवण्यात आली. तिच्यात माझे वर्णन असे आहे : अंगाने नाजूक, लहानपणापासून हृदय कमजोर, पळू शकत नाही, जिना चढताना मध्ये थांबावे लागते, सोबत लांबट पिशवी. हे वर्णन ऐकून आमच्यातले पोस्टमन मोठ्याने हसले, म्हणून त्यांना बाहेरच्या बाकावर बसवण्यात आले.

माझ्यासोबत तीन जण आहेत. एक फिजिओ, वय ४४, हिच्याकडे दोन वर्षांपूर्वी माझा आखडलेला खांदा दाखवायला मी गेले होते. दुसरा सुतार, वय ५१, तिचाच पेशंट, कंबरदुखीचा. तिसरे निवृत्त पोस्टमन, वय ६३. त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले असल्याने ते आमचे सामान घेऊन टेम्पो चालवतात. मला कोणीही फूस लावलेली नाही. फूस लावण्याचे वय उलटून गेले आहे.

फिजिओ शिकायला बर्फाच्या मुलुखात होती. तिथले लोक उन्हाळ्यात सरावासाठी चाकांची स्की वापरतात, तशी एक जोडी तिने येताना आणली होती. त्या जोडीवर पाहून सुताराने आणखी दोन जोड्या बनवल्या. साहेबांनी विचारल्यावरून सांगते : दोन फूट लांब पट्टी असते, पुढे एक चाक, मागे एक. बूट पुढून अडकतो, टाच मोकळी राहते. हातात दोन उंच काठ्या, त्यांनी जमीन मागे ढकलायची. ब्रेक नसतो. थांबायचे तर पाय फेंगडे करून चाके तिरकी लावायची, नाहीतर कडेच्या गवतात शिरायचे. मी बहुतेक वेळा गवतात शिरते. हे वाहन आहे की पादत्राण, यावर साहेबांनी आणि हवालदार बाईंनी थोडी चर्चा केली आणि तूर्त पादत्राण लिहावे असे ठरले.

बंद पडलेल्या गोदामाच्या आवारात आम्ही दीड वर्ष रोज सकाळी सराव केला. ताईला मी बागेत फिरायला जाते असे सांगत असे. गेल्या वर्षाअखेरीस सुतार म्हणाला, “या आवारात गोल गोल फिरून मी घाण्याचा बैल झालोय. आपण सरळ जाऊया की कुठेतरी.” पोस्टमननी नकाशा काढला. राज्याच्या पूर्वेच्या हद्दीपासून पश्चिमेच्या हद्दीपर्यंत चारशे बारा किलोमीटर भरले. नऊ दिवसांचा बेत ठरला. आज नववा दिवस आहे. पेट्रोल पंपापर्यंत तीनशे एक्याऐंशी झाले होते.

ताईला मी शिलाई मशीनच्या कंपनीचे नऊ दिवसांचे प्रशिक्षण आहे, असे सांगून निघाले. हे खोटे होते. खोटे बोलावे पण रेटून बोलावे म्हणतात. मी इतके रेटले की ताईने मला वही, पेन आणि दोन खोडरबर घेऊन दिले.

पहिल्या दिवशी मी सात वेळा पडले, सुतार नऊ वेळा. दुसऱ्या दिवशी एका बस थांब्यावर बसलेल्या आजोबांनी हटकले, “बर्फ कुठंय?” सुतार म्हणाला, “पडला तर तयारी असावी, आजोबा.” ते बराच वेळ आभाळाकडे बघत होते. चौथ्या दिवशी सात किलोमीटरचा उतार होता. तिथे चाके काढून पायी उतरायचे ठरले होते. मी काढणारच होते. पण उतार कुठे सुरू झाला ते मला कळले नाही आणि कळले तेव्हा मी उतारावर होते. मागून फिजिओ ओरडत होती, “गवत! गवत बघ!” डाव्या हाताला गवत होते. मी ते पाहिले. मी त्यात शिरले नाही.

या ठिकाणी मुद्द्याचे सांगावे, असे हवालदार बाईंनी सुचवले. मुद्दा असा की मला थांबायचे नव्हते. खाली पोहोचले तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, ते वाऱ्याने.

पाचव्या दिवशी दुपारी रस्ता बंद असल्याची पाटी लागली. पलीकडे नवे डांबर घातले होते. रोलर नुकताच फिरून गेला होता आणि वाहने सोडायला दोन तास होते. तिथल्या मुकादमाने आमच्या पायांकडे पाहिले. त्याने चाक बोटाने फिरवून बघितले. म्हणाला, “रबरी आहे. जा. थंड झालंय आता. पण काठ्या उचलून धरा, भोकं पाडाल.” आम्ही तिघे त्या दोन किलोमीटरवर काठ्या बगलेत धरून नुसते पाय टाकत गेलो. चाकांचा आवाजच येत नव्हता. जुन्या रस्त्यावर आठ तास दात खडखडत असत. इथे रेशमावर कात्री फिरावी तसे जात होतो. रस्त्याच्या कडेला कामगार हातातले फावडे टेकवून उभे होते आणि आम्ही जवळून गेलो की टाळ्या वाजवत होते. शेवटी सुतार मागे वळून म्हणाला, “परत एकदा?” आम्ही परत गेलो आणि परत आलो. मुकादमही एकदा माझ्या स्कीवर उभा राहिला. दोन माणसांनी त्याला धरले होते.

रोज संध्याकाळी सात वाजता मी ताईला फोन करून प्रशिक्षण चांगले चालल्याचे सांगत असे. सातव्या दिवशी दुपारी मी गवताऐवजी पाण्याच्या पाटात शिरले. मला काही झाले नाही, मोबाइल गेला. संध्याकाळी मी फिजिओच्या फोनवरून ताईला सहा वेळा फोन केला. ताई अनोळखी नंबर उचलत नाही. हे तिला मीच शिकवले आहे. दुकानाचा फोन सतत गुंतलेला लागत होता. त्या वेळी ताई शहरातल्या एकेका इस्पितळाला फोन करत होती, हे मला आज कळले. काल सकाळी तिने कंपनीला विचारले. असे प्रशिक्षणच नाही, असे तिला सांगण्यात आले.

लपवून का गेलात, असे विचारल्यावरून सांगते की, मी अकरा वर्षांची असताना मला सांध्यांचा ताप आला होता. तो हृदयापर्यंत गेला. मी अकरा महिने अंथरुणावर होते. आई कामाला जात असे, वडील नव्हते. ताईला त्या वर्षी शिक्षिका होण्यासाठी कॉलेजात प्रवेश मिळाला होता. ती गेली नाही. मला कडेवर घेऊन ती खाली अंगणात उन्हात बसवत असे. मी बरी झाल्यावर डॉक्टरांनी पळायचे नाही असे सांगितले. तेव्हापासून मी पळाले नाही. बस सुटत असली तरी नाही.

दोन वर्षांपूर्वी फिजिओने व्यायाम देण्याआधी मला हृदयाच्या डॉक्टरांकडे तपासायला पाठवले. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि हृदय ठणठणीत असल्याचे लिहून दिले. कदाचित वीस वर्षांपासून, कदाचित चाळीस, असे ते म्हणाले. कोणी पुन्हा पाहिलेच नव्हते. तो कागद मी ताईला दाखवला नाही. तो माझ्या पाठीवरच्या पिशवीत असतो. याबाबत मला अधिक काही सांगायचे नाही.

(दुपारी १.५० वाजता तक्रारदार ठाण्यात हजर झाल्याने जबाब थांबवला. २.४० वाजता पुढे सुरू केला.)

पुढे सांगते की, ताई बसने आली. तिच्या हातात माझा स्वेटर होता.  समोरच्या खुर्चीत बसली, माझे मनगट धरले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नाडी मोजली. हे ती नेहमी करते. पूर्ण मिनिट मोजते.

“बहात्तर,” ती म्हणाली. “चल घरी.”

आजवर मी ताईला कधी नाही म्हटलेले नाही. आजही म्हटले नाही. मी पिशवीतून तो कागद काढून तिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग तारखेवर बोट ठेवले.

“दोन वर्षं झाली याला.”

“हो.”

“दोन वर्षं तुझ्या भाजीच्या पिशव्या मी वर नेतेय. माझे गुडघे बघ काय झालेत! आणि तू जिन्यात थांबायचीस, ते काय होतं?”

“तू मागून येत असायचीस. तुला दम लागायचा, म्हणून थांबायचे.”

ताईने कागदाची घडी घातली. शिलाईला देतात तशी, कडेला कडा जुळवून.

“सांगितलं का नाहीस?”

मी म्हणाले, “तू कॉलेज सोडलंस. जन्मभर मला जपलंस. आणि मी कधीचीच बरी होते, हे तुला कोणत्या तोंडानं सांगू?”

“बावळट आहेस,” ताई म्हणाली. “तुझ्यासाठी कोण सोडतंय? मला गणित येत नव्हतं, म्हणून नाही गेले.”

नोंदीसाठी सांगते की, ताई दुकानात चार गिऱ्हाइकांची मापे तोंडी लक्षात ठेवते आणि कापडाचा हिशेब बोटांवर करते. तो आजवर एका इंचानेही चुकलेला नाही.

त्यानंतर ताई साहेबांना म्हणाली, “ते पायाला लावायचं जे काही आहे, ते मला बघायचंय.” साहेबांनी परवानगी दिली. ठाण्याच्या मागच्या आवारात जप्त केलेल्या स्कूटर उभ्या आहेत, त्यांच्या कडेने मी चाके लावून फिरले. पहिल्या फेरीत ताईने तोंडावर हात धरला होता. दुसऱ्या फेरीत ती ओरडली, “उजवी काठी वाकडी पडतेय! सरळ टाक!” मी सरळ टाकली. फिजिओ दीड वर्ष काठ्या नीट टाक म्हणत होती, पण नेमकी कोणती चुकते ते तिने कधी सांगितले नव्हते. तिसऱ्या फेरीत मी आवाराच्या लांब बाजूने जोर लावला आणि ताईच्या समोरून गेले. थांबायला गवत नव्हते. हवालदार बाईंनी मला धरले.

ताई जवळ आली. माझ्या हेल्मेटमधून बाहेर आलेले केस तिने आत सारले. हळूच म्हणाली, “पळतेस की गं तू.”

मग तिने तो स्वेटर स्वतःच्याच अंगात घातला, नाक पुसले आणि सुताराला विचारले, “किती राहिलंय तुमचं?”

“एकतीस, ताई.”

“किती वेळ लागतो?”

“तीन तास. पुढे सपाट आहे.”

“मग अंधाराच्या आत पोचायचं तर इथे तोंडं बघत काय उभे आहात?” ती म्हणाली. नंतर पोस्टमनकडे वळून, “तुमच्या टेम्पोची पुढची सीट झाडलेली आहे का?” पोस्टमन झाडायला धावले. ऑपरेशननंतर त्यांना मी प्रथमच धावताना पाहिले.

ताईने आपली तक्रार मागे घेत असल्याचे वेगळे लिहून दिले आहे. माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. पोलिसांना आणि इस्पितळांच्या टेलिफोनवर बसणाऱ्या मंडळींना माझ्यामुळे त्रास झाला, त्याबद्दल मी माफी मागते. ताईची माफी मी टेम्पो थांबेल तिथे मागणार आहे, ती इथे लिहू नये.

अखेरीस नियमाप्रमाणे मला विचारण्यात आले की, तुम्हाला तक्रारदारांसोबत जायचे आहे काय? माझे उत्तर : नाही. तक्रारदारच माझ्यासोबत येत आहेत.

हा मजकूर हवालदार बाईंनी मला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे आणि खरा आहे. तो मी राजीखुशीने दिला असून खाली सही करत आहे. बाहेर टेम्पोचा हॉर्न दोनदा वाजला आहे, तो ताई वाजवत आहे, म्हणून अक्षर जरा घाईचे आले आहे.

सही
दुपारी ३.०५