कात्रीतून सुटलेला एकच चेहरा

खराब नाही झालेले हो, कापलेत. वाळवी अशी गोल गोल खाते का कुठे? बसा ना — त्या खुर्चीवर नको, तिचा पाय निखळलाय — स्टुलावर बसा. आणि तुमच्या संग्रहालयाच्या कागदावर ते ‘फोटोंची अवस्था वाईट’ लिहिलंय ना, ते आधी खोडा. अवस्था उत्तम आहे. हे चेहरे ताईनं कापलेत, याच टेबलाशी बसून, नखं कापायच्या कात्रीनं.

का म्हणजे? अहो, मोर्चा घरकाम करणाऱ्या बायकांचा. आठवड्याला एक सुट्टी द्या, एवढीच मागणी. फोटो काढायचो मी, तेव्हा माझा स्टुडिओ होता — आणि फोटो पेपरात द्यायलाच हवा, नाहीतर लोक म्हणणार, चार बायका जमल्या नि चहा पिऊन गेल्या. पण पेपर जाणार कुठे? मालकिणीच्याच घरी. तो दारातून उचलून तिच्या हातात देणार कोण? फोटोतलीच बाई! पहिल्या मोर्चाला तसंच झालं, दोघींची कामं सुटली. तेव्हापासून ताईचा नियम — आधी कात्री, मग पेपर. निगेटिव्ह? जाळल्या. समोर उभं राहून जाळायला लावल्या मला. नावंही कुठे लिहायची नाहीत. तिला सगळ्याजणी तोंडपाठ होत्या, आणि ती अशी मध्येच उठून जाईल हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं होतं?

तिचा स्वतःचा चेहरा तेवढा राहिला, कारण ती कुणाकडे कामाला नव्हती, तिला कोण काढून टाकणार. त्याचंच आता हे होऊन बसलंय. फोटोत एकच चेहरा दिसतो, म्हणून तुम्ही म्हणता, वा, काय बाई होती, एकटीनं लढली! एकटीनं? मग शेजारी ही भोकं काय हवा खायला उभी होती? आणि आता म्हणे ताईंच्या नावाचं दालन, आणि भोकं बरी दिसत नाहीत म्हणून फोटो ताईपुरते छाटून लावायचे. ताई असती ना, तर तुम्हाला जिन्यापर्यंत — जाऊ द्या. तुम्हाला वरून सांगितलंय, तुम्ही सांगताय.

ती गेल्यापासून मी दारोदार फिरतोय, कोण कुठे उभी होती विचारत. एक म्हातारी म्हणाली, लाव रे बाबा माझं नाव, आता गुडघ्यांनीच मला कामावरून काढलंय, मालकीण काय काढणार! एकीच्या मुलानं दारातूनच हात जोडले — आमच्या घरातलं कुणी धुणीभांडी करत नव्हतं म्हणे. बरं. ज्यांनी लाव म्हटलं त्यांची नावं मागे पेन्सिलीनं लिहिलीत, उलटा करून बघा. हो, माहीत आहे, मागची बाजू तुम्ही दाखवत नाही. आणि पुराव्याशिवाय नाव घालता येत नाही, ‘अनोळखी महिला’ लिहावं लागतं. कसला पुरावा हवाय तुम्हाला, तोंड? अहो, तोंडच तर कापलंय!

शनिवारी ही संघटनेची खोली रिकामी करायचीय. मालकाला गोदाम हवंय. माझ्या घरी पावलाला पाऊल लागतं, त्यात भिंतींना ओल. तुम्ही ही फोटोंची पेटी नेली नाहीत तर ती रद्दीत जाणार — हे तुम्हालाही ठाऊक आहे, म्हणून तर अटी घालताय.

हा बघा, मोठा आहे तो. मध्ये ताई. डावीकडची उंच, तिला सगळ्या विहीणबाई म्हणायच्या, सारखी रुसायची म्हणून. आणि उजवीकडे — उजवीकडे आई. आमची, हो. लोकांकडे भांडी घासायची. ताईनं बाकीच्यांचे कापले आणि हिच्यापाशी कात्री थांबली. आई म्हणाली, काप गं, सगळ्यांना एकच न्याय. आणि कापून झाल्यावर हसत सुटली — लोकांच्या पोरी आईबापाचं नाक कापतात, माझ्या पोरीनं अख्खं तोंड कापलं! आम्हीही हसलो. मी तिला म्हणायचो, आई, अख्ख्या गल्लीचे फोटो काढले मी, तू बस ना एकदा समोर. ती म्हणायची, सुट्टी मिळू दे, मग बसते. मिळण्याआधीच गेली. नाही, दुसरा नाही. घरी भिंतीवर लावायलाही नाही. मी फोटोवाला — ऐकताय ना? — आणि माझ्याकडे नाही.

म्हणून सांगतोय, फोटो आहे तसा लावा, भोकांसकट, आणि खाली आधी या बायकांची नावं, मग ताईचं. आईचा पुरावा मी. मी तिचा मुलगा आहे, अजून काय आणू? विचारून कळवतो म्हणजे कधी? शनिवारनंतर?

उजेडाला कशाला धरताय? धरा, पण — नाही, उजवीकडे नाही. बोट नका घालू. त्यातून बोट नका घालू म्हणतोय ना! माप कसलं घेताय, छाटायचं? द्या इकडे.

राहू द्या पेटी. राहू द्या म्हटलं. निघा तुम्ही.