शेवट न ठरवता सुरू केलेली गोष्ट

मी कथालेखनाच्या शिबिराला गेलो होतो ना, तेव्हाचं सांगतो. शेवट ठरल्याशिवाय कथा सुरू करायची नाही, हा तिथला पहिला नियम. त्याच आठवड्यात रत्नागिरीला बाबांच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन होतं. त्या दिवशी सकाळपासून दवाखान्याच्या खाटेवर त्यांची नुसती चुळबूळ.

"गप्प काय बसलायस? गोष्ट तरी सांग."

सुचेल तशी मी जयगडच्या खाडीत भरकटलेल्या होडीची गोष्ट सुरू केली. तेवढ्यात स्ट्रेचर आलं. मी घाईघाईने होडी किनाऱ्याला लावायला निघालो, तर बाबांनी हात दाबला.

"थांब. शेवट बाहेर आल्यावर ऐकतो."

दिवसभर मी येरझाऱ्या घातल्या. शेवट काही सुचेना.

संध्याकाळी बाबा शुद्धीवर आले. डोळेही न उघडता पुटपुटले, "हां, मग?"