बस्त्याच्या आधी

मन्मथ : काढ म्हणतो ना मी. धर्मापुरी आली.

गंगासागर : आली कुठं? आन काढणार न्हाई. किडनी बसवून वर्ष झालं न्हाई मला. गर्दीत मास्क काढायचा न्हाई, हे डॉक्टर तुमच्यासमोरच म्हणले ना?

मन्मथ : आख्ख्या एसटीत दुसऱ्या कुणाच्या तोंडाला हाय का बघ. सगळे तुझ्याकडंच बघायलेत. शेजारचा म्हातारा तर उठून पुढं जाऊन बसला.

गंगासागर : बसंना. त्याला वाटलं, मला टीबी हाय. आपल्याला जागा झाली.

मन्मथ : तुला मस्करी सुचायली! आता विहीणबाई चढतील, त्याच जागी बसतील. इचारतील, तोंडाला कावून बांधलंय?

गंगासागर : मग सांगायचं. किडनी बसवलीय.

मन्मथ : आन कुणी दिली म्हणल्यावर?

गंगासागर : रुद्राणीनं. लेकीनं आईला दिली. चोरून आणली व्हय?

मन्मथ : हळू बोल! एका किडनीची सून कोण करून घेतंय? जुळलेलं मोडंल. आजच्या दिवस दम धर. एकदा बस्ता बांधला, दोन्ही घरची कापडं झाली, की मग कुणी मागं सरत न्हाई.

गंगासागर : म्हणूनच बस्त्याच्या आधी सांगायचं. मागून कळलं तर त्या घरात बोलणी कोण खाईल? तुमी का रुद्रा?

मन्मथ : मला कळत न्हाई का? माझीच घ्या म्हणलो होतो डॉक्टरला. साखर आडवी आली. बापाची चालली असती, तर पोरीवर ही पाळी आली असती का?

गंगासागर : तुमाला कुणी दोष दिलाय का, अहो?

(धर्मापुरीचा थांबा. नवरदेव वीरेशची आई कावेरीबाई गर्दीतून वाट काढत येते.)

मन्मथ : या ताई, शरणार्थ. रुमाल टाकून जागा धरलीय तुमाला.

कावेरीबाई : शरणार्थ, शरणार्थ. न्हाई, खिडकी नगं, मला मधीच बरं. तुमी कडंला बसा, पाव्हणे.

मन्मथ : आवाज बसला वाटतं?

कावेरीबाई : लग्नघर हाय. बोलून बोलून बसला. वीरेश म्हणतो, आई, शालू तिच्या पसंतीचाच घे. आत्तापासूनच बायकोची बाजू! अगं बया, विहीणबाई, तोंडाला हे काय?

मन्मथ : राख, ताई. परळीची राख. थर्मलमुळं ताटातली भाकर झाकून खावी लागती. हिला लई तरास होतो.

कावेरीबाई : परळी तर मागं राहिली की. हितं कुठली राख?

मन्मथ : सवय... सवय पडलीय तिला.

गंगासागर : राखंचं न्हाई, ताई.

मन्मथ : गंगा!

गंगासागर : मला किडनी बसवलीय. ती टिकावी म्हणून औषधं चालू हायेत, त्यांनी अंगात जोर ठेवला न्हाई. दुसऱ्याचा साधा खोकला बी मला झेपायचा न्हाई. आन किडनी रुद्रानं दिलीय. ती ठणठणीत हाय. संसार, लेकरंबाळं सगळं होईल, म्हणले डॉक्टर. पण तिच्याकडं आता एकच हाय. हे सुपारी फोडायच्या आधीच सांगायला पाहिजे होतं. बस्ता बांधायचा का न्हाई, तुमी ठरवा. न्हाई म्हणलात तर आमी पुढच्या फाट्याला उतरतो.

मन्मथ : चूक माझी हाय, ताई. माय-लेकी दोघी मागं लागल्या होत्या, सांगा म्हणून. मीच...

कावेरीबाई : उठा, पाव्हणे.

मन्मथ : ताई, जरा ऐका तरी...

कावेरीबाई : उठा म्हणते ना.

मन्मथ : चल गंगा. पिशवी घे. झालं तुझ्या मनासारखं?

कावेरीबाई : त्यांना कावून उठवायलात? तुमी हितं मधी बसा. मी कडंला बसते.

गंगासागर : त्या म्हाताऱ्यावाणी तुमी बी लांब सरकलात, ताई? तोंडाला पदर बी लावला. एवढा राग आला?

कावेरीबाई : आवाज बोलून बसला न्हाई, विहीणबाई. कालपासून सर्दी हाय मला.