हिऱ्याच्या टापा

डोळ्यांत औषध घालून नर्सनं सगळ्यांना डोळे मिटून बसवलं होतं. वैजयंतीबाईंच्या शेजारी एक म्हातारे टांगेवाले आणि त्यांचा मुलगा होता. आता त्या दोघांचे नुसते आवाजच बाईंच्या कानी येत होते.

“आबा, पुण्यात आमी बनवतोय तो गेम अजून बाजारात यायचाय. जुन्या काळातला हाय. किल्ले, तलवारी, घोडेस्वार. आधी तुमी ऐका.”

मोबाइलवर टापा वाजू लागल्या.

“आरं, ह्यो तर आपला हिऱ्या! मागचा नाल ढिला वाजतोय बघ.”

“व्हय. तो असताना टापा रेकॉर्ड केल्या होत्या की.”

“आन् आता का थांबला?”

“दर वेशीपाशी तो आपोआप थांबतो. तपासणारी पोरं म्हणाली, ही चूक हाय. मी म्हणलं, टांग्याचा घोडा हाय, गिऱ्हाइकासाठी थांबणारच. साहेब हसले, म्हणाले, राहू दे.”

“देव त्यांचं भलं करो. हिऱ्याच्या जिवावर शिकलास तू.”

“म्हणून तर त्याला घेतलं.”

“मग त्याला पाणी कोन पाजतं?”

“खेळणाराच. घोड्याला पाजल्याबिगर त्याला जेवताच येत न्हाय. तुमचाच नेम घातलाय, आबा.”

“तेवढं केलंस, लई झालं लेकरा.”

नर्स परत आली.

“वैजयंतीबाई, तुमचं औषध सगळं गालावर वाहिलंय की! परत घालावं लागंल.”