बटणातली पाचर

समारंभाच्या अध्यक्ष प्राचार्या विजयश्रीताई, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेल्या आमच्या नीला मॅडम, आणि शनिवारची सुट्टी मोडून चिंचवडला आलेल्या मित्रमैत्रिणींनो, सर्वांना माझा जय भीम आणि नमस्कार.

मी धम्मरत्न, दापोडीचा. चाकणच्या एका कंपनीत पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेस मशीनवर ऑपरेटर आहे. सर्जनशील लेखनाच्या एम.ए.ला कविता घेऊन आलो, तेव्हा खरं सांगायचं तर थोडा हवेतच होतो. आमच्या कंपनीतल्या सोपानरावांची दोन बोटं प्रेसखाली गेली, त्यावरची माझी कविता गाजली होती ना! 'पोलादाने बोटं गिळली' म्हटलं की टाळ्या. सोपानराव आज मागच्या रांगेत बसलेत. तेही टाळ्या वाजवायचे.

तिसऱ्या सत्रात मॅडम म्हणाल्या, "आता हेच कथेत लिही." त्यात काय अवघड, असं मला वाटलं. आमच्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दाबायची, म्हणजे हात आत राहत नाही. टार्गेट गाठायला आम्ही एका बटणात लाकडी पाचर ठोकतो, म्हणजे ते दाबलेलंच राहतं आणि एक हात मोकळा होतो. कथेत मी लिहिलं, 'पाचर ठोकलेली होती.' मॅडमनी समासात विचारलं, 'कोणी?'

मी चिडलो. चार वेळा कथा मोडून तिची कविता करून नेली. मॅडमनी प्रत्येक कविता मन लावून वाचली, एक ओळ तर सुधारूनही दिली. मग म्हणाल्या, "कविता लिहीच रे. पण कथेला घाबरून कवितेकडे जाऊ नकोस." फार लागलं ते मला.

पाचव्या खर्ड्यात लिहिलं. पाचर माझी होती. पहिली शिफ्ट संपवून निघताना काढायची विसरलो, आणि दुसऱ्या शिफ्टला सोपानराव मशीनवर आले. चौकशीत ती त्यांच्याच नावावर लागली. त्यांना गोडाऊनला टाकलं, आणि मी कविता वाचत फिरलो.

मागच्या रविवारी चऱ्होलीला सोपानरावांच्या घरी जाऊन कथा त्यांना वाचून दाखवली. ऐकून ते म्हणाले, "कथेत तुजं नाव खरं हाय, मग माजं का बदाललंस? बोटं तर माजी गेली न्हवं?" चहा पाजला. माफ केलं, असं काही म्हणाले नाहीत.

मॅडम, तुमचे आभार मानायला मला शब्द सापडत नाहीत, आणि तुम्ही तर मला शब्दच शिकवलेत. अध्यक्षांचे, आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. सोपानराव, तुम्ही मात्र घालू नका. चौकशीच्या कागदावर तुमचा निष्काळजीपणा लिहिलाय. सोमवारी पहिल्या शिफ्टला मी ऑफिसात लेखी देणार आहे, की तो माझा होता.