संशयाची खूण

नाही हो, दारावर नको— दारातून काय, येणारे-जाणारे दिसणार, ते मला इथे बसूनही दिसतात. त्या खिडकीजवळच्या टेबलावर लावा. तेच, निळी उशी असलेली खुर्ची आहे ना, तिच्या बरोबर वर. स्क्रीनवरचं वाचता आलं पाहिजे. नुसतं माणसाचं डोकं दिसून काय उपयोग— डोक्यात काय चाललंय ते थोडंच दिसतं? आणि तो लाल दिवा लागतो ना कॅमेऱ्याला, तो बंद करता येतो का? येतो. उत्तम. स्टूल सांभाळा, एक पाय आखूड आहे त्याचा, मी धरतो. आज सगळ्यांना घरूनच काम करा म्हणून सांगितलंय, तेव्हा घाई करू नका.

कोणाची खुर्ची? धाकट्याची. माझ्या सख्ख्या भावाची. बघा, तुमचा हात थांबलाच. सगळ्यांचा थांबतो. भावावर कॅमेरा, शिव शिव— पण कुंपणच शेत खायला लागलं तर माणसाने करायचं काय, सांगा ना. नाही, सध्या येत नाही तो. परवा चावी टेबलावर ठेवून गेला. पण येईल. रागावलाय, चार दिवस घुम्यासारखा बसेल आणि सोमवारी येईल, लहानपणापासून तसाच आहे तो. तो येईल तेव्हा हा वर लागलेला हवा.

तुम्हाला मुळापासून सांगतो, म्हणजे तुम्हीच म्हणाल की बरोबर केलं. आम्ही प्रोग्रामरची अवजारं बनवतो. सुताराला करवत लागते ना, तशी ज्याला सॉफ्टवेअर लिहायचंय त्याची करवत आमच्याकडे तयार होते. नऊ वर्षं झाली. आणि या धंद्यात करवतीला दर दोन महिन्यांनी नवे दात लागतात— समोरच्यांनी, म्हणजे आमचे प्रतिस्पर्धी, त्यांची आठ मजल्यांची इमारत आणि आमच्या या दोन खोल्या— त्यांनी मंगळवारी नवं व्हर्जन काढलं की बुधवारी आमचं गिऱ्हाईक विचारतं, तुमचं कधी? नऊ वर्षं आम्ही टिकलो ते धाकट्याच्या डोक्यावर आणि माझ्या गप्प बसण्यावर. मी कोणाला काही बोलत नाही. तुमच्याशी बोलतोय, पण तुम्ही या धंद्यातले नाही. नाही ना?

तर धाकट्याने काय काढलं होतं— आता काय लपवायचं, जगजाहीर झालंय. प्रोग्राम चालता चालता कोसळतो. कुठे कोसळला ते दिसतं, पण मूळ चूक आधीच कुठेतरी झालेली असते, ती शोधता शोधता माणसाचे दिवस जातात. धाकट्याने काय केलं, कोसळला तिथून प्रोग्राम उलटा चालवला. एकेक ओळ मागे, मागे, मागे— थेट चूक झाली तिथपर्यंत. चौदा महिने खपत होता. पाठ धरली त्याची, ती उशी त्यासाठीच. पुढच्या महिन्यात पंधरा तारखेला आमचं रिलीज होतं. आणि परवा सकाळी अकराला समोरच्यांनी तेच आणलं. हुबेहूब तेच. आम्ही आठ जण या भिंतीवरच्या स्क्रीनवर बघत होतो— सात ते आणि मी.

मी स्क्रीन बंद केला आणि सगळ्यांदेखत त्याला विचारलं, कोणाला दिलंस? हो, सगळ्यांदेखत. एकट्याला विचारलं असतं तर गोड बोलून निसटला असता. तो काय म्हणाला माहितीय? "दादा, तू खरंच विचारतोयस?" एवढंच. आता हे काय उत्तर झालं का? निर्दोष माणूस कसा तडकून उठतो, शपथा घेतो, भांडतो. याने चावी काढून टेबलावर ठेवली, पाण्याची बाटली उचलली आणि जिना उतरून गेला. सावकाश. त्या सावकाश उतरण्यानेच माझी खात्री झाली.

पुरावा? असं कसं म्हणता, पुराव्याशिवाय मी बोलेन का? गेल्या महिन्यात तो ज्याच्याबरोबर जेवायला गेला तो पूर्वी समोरच्यांकडे होता. कॉलेजातला मित्र म्हणे. असेल, मित्रच फितवतात, शत्रू कशाला जवळ येतील? आणि मी सापळाही लावला होता. सातही जणांना रिलीजच्या सात वेगळ्या तारखा सांगितल्या, खरी पंधरा फक्त माझ्याकडे. बायकोला आठवी. म्हटलं, जी तारीख बाहेर फुटेल तिचा माणूस चोर. काय झालं? एकही फुटली नाही. एकही नाही! म्हणजे बघा, किती मुरलेला असेल. हां, थोडा घोटाळा झाला, प्रत्येक जण आपापल्या तारखेच्या हिशेबाने काम करत होता, तिघांचं वेळेत झालं नाही— पण ते सोडा.

मीही काही दुधखुळा नाही. समोरच्यांचा एक फोरम आहे, त्यांची गिऱ्हाइकं तिथे प्रश्न विचारतात, सूचना करतात. तिथे मी तीन वर्षं एक निवृत्त मास्तर आहे. गणिताचा मास्तर, उतारवयात प्रोग्रामिंग शिकतोय. लोक इतके जीव लावून समजावतात, काय सांगू. मास्तरांची तब्येत कशी आहे विचारतात. मी भोळेपणाने विचारतो, हे तुमच्याकडे आहे का हो, ते येणार आहे का हो— आणि आतल्या गोष्टी आपोआप बाहेर येतात. धाकट्याला हे माहीत नाही. त्याला असलं आवडत नाही.

बसला का स्क्रू? थोडा डावीकडे. हे बघा, त्यांच्या रिलीजची यादीच काढली आहे मी छापून, वाचून दाखवतो, म्हणजे चोरी किती निर्लज्ज आहे ते कळेल. एक, प्रोग्राम उलटा चालणार. धाकट्याचं. दोन, मागे जाताना बदललेली प्रत्येक गोष्ट रंगाने दिसणार. तेही धाकट्याचं. आणि तीन, हे ऐका— प्रोग्रामरला जिथे शंका येईल तिथे त्याने एक खूण करायची, संशयाची खूण, म्हणजे शोध तिथूनच सुरू होईल. हे माझं आहे! हे मला सुचलं होतं, आंघोळ करताना. धाकट्याला सांगणार होतो रिलीजच्या दिवशी, थाटात. तोपर्यंत कोणाला बोललो नव्हतो. त्यालासुद्धा नाही. तरीही यांनी चोरलं, आहे की नाही कमाल?

काय म्हणालात?

हो, त्याला सांगितलं नव्हतं. नाही, कागदावरही नव्हतं. मग त्याने कसं— नाही, थांबा. तो माझ्या मनातलं ओळखतो, भाऊ आहे. नाही, हे ओळखलं नसेल. एक मिनिट. मार्चमध्ये मी फोरमवर विचारलं होतं. मास्तर म्हणून. म्हटलं, यांच्याकडे असं काही शिजतंय का ते काढून घ्यावं— म्हणून लिहिलं, प्रोग्राम उलटा चालवता येईल का हो, बदल रंगाने दिसतील का, आणि शंका येईल तिथे खूण करता आली तर आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना बरं पडेल. त्यांनी लिहिलं, सर, फार सुंदर कल्पना आहे, नोंद घेतली. मी इतका खूश झालो. म्हटलं, म्हणजे यांच्याकडे काहीच नाही. आणि या यादीत तेच. एक, दोन, तीन, याच क्रमाने.

नाही, तुम्ही काही बोलू नका. स्टूल पकडायला कोणी नाही, जरा स्वतःच सांभाळा. मी फोन करतो त्याला.

उचलत नाही. त्याच्या बायकोला लावतो. — हां, अगं, मी बोलतोय. त्याला दे जरा. माझी चूक झाली म्हणून सांगायचंय, त्यालाच सांगतो, तू दे फोन. — कुठे? — सकाळपासून? — त्यांनी बोलावलं? काल? — आणि याआधी दोनदा... दोनदा बोलावलं होतं, आणि हा नाही म्हणाला होता? मला कधी बोलला नाही. — काय म्हणाला होता त्यांना? — दादा एकटा पडेल म्हणून. — बरं. — नाही, काही निरोप नाही. बरं. ठेवतो.

समोरच्यांकडे गेलाय. कामाचं बोलायला. आज सही करणार आहे. बघा, मी म्हणत नव्हतो, हा एक ना एक दिवस तिकडेच—

उतरा खाली. नाही, काढू नका, लावू नका, जसा आहे तसा राहू दे. तुम्ही जा आता.